डोलकाठीखालचं नाणं

जुन्या चांदीच्या नाण्यांतलं मला कळतं, अशी वसईत एके काळी माझी ख्याती होती. ती मी स्वतःच पसरवली होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी फार कीव यायला नको.

हे खूळ दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सुरू झालं. सरकारने चांदीचे जुने रुपये परत मागवले आणि त्यांच्या जागी निम्म्या चांदीचे काढले. तोवर रुपया हा रुपया असे, त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. आता जो तो रुपया उलटासुलटा करून बघायला लागला. राणीच्या छापाचे रुपये मडक्यांत, माळ्यावर, केळीच्या आळ्यांत गडप झाले आणि बाजारात फक्त राजाचे उरले. मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. आमची केळीची वाडी होती, पण तिच्यात माझ्या हातून काही होण्यासारखं नव्हतं, हे वडिलांनी कधीच ओळखलं होतं. मला इंग्रजी वाचता येई, म्हणून शेजारीपाजारी रुपया माझ्यापुढे धरून साल विचारत. साल वाचायला काय मोठी अक्कल लागते? पण लोक ‘वा’ म्हणत, आणि ‘वा’ची सवय विडीपेक्षा लवकर लागते.

मग मी मुंबईहून एक भिंग आणलं. एक लांबट वही शिवून घेतली आणि तिच्यात रकाने आखले: छाप, साल, कड, वजन, भाव, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद होता. राणी कोणत्या सालापर्यंत नुसती राणी आहे आणि कोणत्या सालापासून सम्राज्ञी झाली, हे मी कुणी न विचारता सांगू लागलो. पंचम जॉर्जच्या पहिल्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला होता, की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. ही हकीकत तर मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितली आहे. ऐकणाऱ्यांची जिलबी गार होई, पण माझं संपत नसे.

त्या काळात बाजारपेठेत एक सोनार होते. त्यांना वाचता जेमतेम येई. त्यांच्या दुकानाला काळ्या दगडाची पायरी होती. कुणी रुपया आणला की ते त्याच्याकडे बघतही नसत. पायरीवर टाकत, मान किंचित वाकडी करून ऐकत आणि रुपया परत देत. राणीचा खणखणीत वाजे, लढाईतला बसका वाजे, आणि शिशाचा असला तर ते काहीच न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. ते चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मला मात्र ही पद्धत फारच अडाणी वाटे. एकदा मी त्यांना म्हणालोसुद्धा, की काका, नाण्याचा इतिहास डोळ्यांनी वाचायचा असतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नळीने शेगडी फुंकायला लागले. मला वाटलं, पटलं त्यांना.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली, तेव्हा मी शाळेत मास्तर होतो. गव्हाच्या लोंब्यांचा निकेलचा रुपया आता सगळीकडे झाला होता आणि जुन्या चांदीकडे लोक म्हाताऱ्या नातेवाइकांकडे बघावं तसं, म्हणजे काय देऊन जाईल या हिशेबाने, बघत होते. आमच्या घरी पाचूबंदरची एक कोळीण आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन येई. तिशी-पस्तिशीची, ख्रिस्ती, सडसडीत बाई. आई तिला बाय म्हणे, म्हणून मीही बाय म्हणे. भावात घासाघीस करताना ती आईला कधी बधली नाही, आणि आईला बधवणं तर देवालाही जमलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्या ओटीवर आठवड्यातून दोनदा चांगला तमाशा होई.

एका सकाळी टोपली रिकामी झाल्यावरही ती उठली नाही. मला म्हणाली, मास्तर, तुमच्याशी काम हाय.

काम असं होतं. तिची सासू वारली होती आणि मागे जुन्या चांदीच्या नाण्यांचा एक कसा, म्हणजे कमरेला बांधायची पिशवी, ठेवून गेली होती. मुलगे दोन. थोरल्याची, म्हणजे हिच्या दिराची, स्वतःची होडी होती. हिचा नवरा मात्र लग्नापासून दुसऱ्याच्या होडीवर जात होता आणि आलेल्या मासळीतला लहानसा वाटा घेऊन घरी येत होता. आपली होडी व्हावी हा तिचा एकच ध्यास होता. बारा वर्षं टोपली डोक्यावर घेऊन तिने लाकडापुरते पैसे जमवले होते. सुताराने सांगाडा उभा केला होता, फळ्याही मारून होत आल्या होत्या. पुढचं सगळं त्या कशावर अडलं होतं. पावसाळा संपायच्या आत वाटणी झाली तर या मोसमात होडी पाण्यात जाणार होती. भांडण लागलं तर कसा पंचांकडे जाऊन पडणार, होडी किनाऱ्यावर उभी राहणार आणि उन्हाने फळ्या तडकणार. मग बारा वर्षं पाण्यात, आणि तीसुद्धा होडीशिवाय.

वाटणी करायला कुणीतरी नाणी ओळखून भाव सांगणारा हवा होता. मी विचारलं, सोनाराला का नाही बोलवत? ती म्हणाली, तुमीच या. बाकीच्यांना तुमी चालता. मला यात माझ्या विद्वत्तेचा गौरव दिसला. दुसरं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी त्यांची देवळातली मिस्सा आटोपल्यावर मी पाचूबंदरला गेलो. ओटीवर चटई घातली होती. एका बाजूला दीर, गळ्यात क्रूस, जाडजूड मनगटांचा गडी, माझ्या हातांवर नजर ठेवून बसलेला. दुसऱ्या बाजूला बायचा नवरा, जो त्या दिवशी आणि पुढेही माझ्यासमोर पाचसहा शब्दांवर बोलला नाही. बाय दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी भिंग काढलं, वही काढली, टाक काढला, दौत काढली. वैद्याने पोतडी उघडल्यावर यावी तशी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर कळा आली, आणि मला फार बरं वाटलं.

कसा ओतला तर डोळे दिपले. चाळीसच्या वर नाणी आणि एकूणएक लखलखीत. सासू दरवर्षी सणाच्या आधी ती चिंचेने आणि राखेने घासत असे. तीस-चाळीस वर्षांच्या घासण्याने राणीचं नाक गेलं होतं, मुकुट गेला होता, एका नाण्यावर तर नुसता अंबाडा उरला होता. मी कपाळाला हात लावला. जुनं नाणं घासायचं नसतं, त्याचा काळपटपणा हाच त्याचा दागिना, असं एक लहानसं व्याख्यान दिलं. बाय शांतपणे म्हणाली, सणाला सगली भांडी घासायची नि चांदी तेवडी मळकी ठेवायची? यावर मी वहीत शेरा लिहिला: ‘अज्ञानामुळे हानी’.

मग मी ढीग लावायला लागलो. राणीचे आणि सातव्या एडवर्डचे एकीकडे, त्यांना तोळ्याने चांदीचा भाव. पंचम जॉर्जचे त्यांच्याच शेजारी. लढाईतले निम्म्या चांदीचे वेगळे. चार नाणी सुरती, म्हणजे सुरतेच्या जुन्या टांकसाळीतली निघाली, जाडसर, वर फारसी अक्षरं, तीही चांदीच्याच भावाने धरली. दीर प्रत्येक नाण्याला हरकत घेत होता. याला कमी का, त्याला जास्त का. मी भिंगातून बघून साल वाचून दाखवी आणि तो गप्प होई. सालाला कोण काय म्हणणार? वाटणी सुरळीत चालली होती.

शेवटी एक नाणं उरलं. ते धड गोल नव्हतं. कुणी घण मारून चपटं केल्यासारखं, एका बाजूला कड तुटकी. एका अंगाला क्रूस, ठसठशीत. दुसऱ्या अंगाला ढालीसारखं काहीतरी, बाकी सगळं चिंचेने खाल्लेलं. ना राणी, ना राजा, ना साल. मी ते भिंगाखाली धरलं, उजेडाकडे धरलं, पुन्हा भिंगाखाली धरलं.  खरं सांगायचं तर त्याच क्षणी ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द माझ्या घशापर्यंत आले होते. पण मास्तरकीत हे शब्द मुलांनी म्हणायचे असतात.

आणि मग क्रूस माझ्या मदतीला धावला. ख्रिस्ती वस्ती, ख्रिस्ती घर, समोर आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावर, मेणबत्ती जळते आहे आणि हातात क्रूस असलेला चांदीचा तुकडा. उघड होतं. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं: “हे नाणं नव्हे. हा देवळातला बिल्ला आहे, गावातल्याच कुणा लोहाराने केलेला. चांदी हलकी. बाजारात याला भाव नाही.”

दिराने तो घेऊन बघितला, क्रूसाला ओठ लावले आणि म्हणाला, देवाची वस्तू, तिची वाटणी कशी करायची? आल्तारासमोरची मेणबत्ती बाय लावते, तेव्हा तिच्याकडेच राहू दे. बायने हात पुढे करून तो बिल्ला घेतला आणि पदराच्या टोकात बांधला. तिच्या चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. वाटणी दुपारच्या जेवणाच्या आत आटोपली. मला वाटलं, न्यायाधीश व्हायला हवं होतं मी.

राणीचे रुपये विकून होडी पुरी झाली. डोलकाठी उभी करायच्या दिवशी मला मानाने बोलावलं. डोलकाठीचं बूड ज्या खाचेत बसतं, तिथे आधी चांदीचं नाणं ठेवायची त्यांची रीत आहे. मी कौतुकाने विचारलं, की राणीचा रुपया ठेवणार का? सुतार म्हातारा होता, त्याला माझ्या ख्यातीचं काही पडलेलं नव्हतं. तो म्हणाला, “बाजारात चालनारं नानं ठेवायचं नाय. उद्या अडचन आली का मानूस डोलकाठी उपटून तेच काढाया जातो.” बायने पदराची गाठ सोडली आणि माझा तो बिल्ला खाचेत ठेवला. वरून डोलकाठी बसली, पाचरी ठोकल्या, फादरांनी तीर्थ शिंपडलं. होडी मोडेपर्यंत ते पुन्हा काढायचं नसतं. बाजारात भाव नसलेली वस्तू मी अचूक शोधून दिली होती, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

दोनेक महिन्यांनी मी मुंबईला गेलो. डुकराच्या छापाचा एक रुपया माझ्या हाती लागला होता आणि जुनी नाणी विकत घेणाऱ्या एका दुकानदाराला तो दाखवून चार शब्द शाबासकीचे मिळवावे, असा बेत होता. त्याने माझा रुपया बघितला आणि बाजूला ठेवला. असे पुष्कळ येतात, म्हणाला. मी काउंटरच्या काचेतून आत बघितलं. निळ्या मखमलीवर, एकटंच, धड गोल नसलेलं, कड तुटकी, वर ठसठशीत क्रूस. दुसऱ्या अंगाला काय आहे हे मी त्याला न विचारता सांगू शकलो असतो.

मी विचारलं, हा बिल्ला कुठला? तो हसला. बिल्ला नव्हे, फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं नाणं, म्हणाला. चांदीचं, आणि बहुधा तुमच्या वसईच्या किल्ल्यातच पाडलेलं. फार थोडी मिळतात, लोकांनी वितळवून टाकली. दुसरं असेल तर घेऊन या. आणि त्याने जो भाव सांगितला, तो माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त होता. किल्ल्याच्या सावलीत जन्म गेला माझा. शाळेच्या सहलीला मुलांना घेऊन दरवर्षी तिथे जातो, फिरंग्यांनी काय काय केलं ते घसा ताणून सांगतो. त्यांनी नाणी पाडली असतील आणि त्यांच्यावर क्रूस असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

परतल्यावर मी तसाच पाचूबंदरला गेलो, सांगून टाकायचं म्हणून. होडी किनाऱ्याला लागलेली होती. शिडाला ठिगळं होती. तीन वेगवेगळ्या जुन्या शिडांचे तुकडे जोडून केलेलं शीड, कारण नव्यापुरते पैसे उरले नव्हते. त्याच्या खालीच, हातभर लाकडाच्या आड, नव्या शिडाची आणि वर जाळ्याचीही किंमत पडून होती, आणि ती तिथे माझ्या शब्दावर पडली होती.  बायने मला पाहिलं, लगबगीने टोपलीतलं सगळ्यांत मोठं पापलेट काढलं आणि पानात गुंडाळून माझ्या हातात दिलं. पैसे नको म्हणाली. मी पापलेट घेऊन घरी आलो. इतकंच घडलं.

पुढे दर आठवड्याला एक पापलेट यायला लागलं, फुकट. आईशी भावावर भांडणारी बाय त्या एका पापलेटाचं नाव काढत नसे, नुसतं ओटीवर ठेवून जाई. आईला वाटलं, बाईला माझ्या विद्येची कदर आहे. मला मात्र प्रत्येक घास टोचे. त्यात काटे होतेच, पण सगळा दोष काट्यांना देता येणार नाही. दर आठवड्याला ठरवी, की आज सांगतो. दर आठवड्याला कालवणाचा वास सुटे आणि मी शेपूट घाली. एकदा तर अर्धं वाक्य बोलून झालं होतं, तेवढ्यात आईने आतून विचारलं, की बाय, तुकड्या करून देतेस का? आणि विषय तुकड्यांवर गेला.

असे दोन मोसम गेले. होडी चांगली चालली होती. ठिगळांचं शीड जाऊन नवं आलं होतं आणि नवरा आता दुसऱ्याच्या वाट्यावर जगत नव्हता. मी स्वतःची समजूत घालायला लागलो होतो, की झालं ते बरंच झालं. आपली चूक दुसऱ्याला फळली की माणूस तिला फार लवकर दूरदृष्टी म्हणायला लागतो.

एका सुट्टीच्या दिवशी दीर माझ्या ओटीवर येऊन बसला. गावात जुनी नाणी घेत फिरणारा एक माणूस आला होता म्हणे. तो घरोघर विचारत होता, की क्रूस असलेलं वेडंवाकडं चांदीचं नाणं कुणाकडे आहे का, भरपूर पैसे देतो. दिराची मनगटं अजून तशीच जाडजूड होती. तो सावकाश म्हणाला: “मास्तर, तुमच्यावर माजा इस्वास हाय. तो बिल्लाच व्हता का नानं व्हतं? नानं असल तर अर्धा वाटा माजा. डोलकाठी उतरवतो नि काढतो.”

दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. फक्त तो दुसऱ्या तोंडून यायला हवा होता. खरं सांगितलं असतं तर माझ्या मनावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. डोलकाठीही उतरली असती. ऐन मोसमात होडी किनाऱ्यावर, दोन भाऊ पंचांपुढे, रीतीने कधीच काढायचं नसलेलं नाणं बाहेर, आणि त्यानंतर त्या होडीवर पाऊल ठेवायला कोणता खलाशी तयार झाला असता? बारा वर्षांची टोपली मला डोळ्यांपुढे दिसली. आणि हेही कबूल करतो, की वहीतला माझा शेराही दिसला. यातलं कशाने जास्त जोर केला, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी आत जाऊन वही आणली. उघडून पानावर बोट ठेवलं आणि त्याला वाचून दाखवलं: क्रूस, गावठी काम, चांदी हलकी, बाजारात भाव नाही. “बिल्लाच होता,” मी म्हणालो. “मी भिंगातून बघितला होता.” त्याने मान डोलावली, चहा घेतला आणि गेला. नाण्यांच्या व्यवहारात मी पूर्ण माहितीनिशी दिलेला हा माझा पहिला अभिप्राय, आणि तो सपशेल खोटा होता. मी माझा कप भरलेलाच आत नेऊन ठेवला. आईने विचारलं तर म्हटलं, चहा कडक झाला.

दुसऱ्या दिवशी बाय आली. टोपली उतरवून ठेवली आणि एरवी ओटीच्या कडेला टेकणारी ती, त्या दिवशी सरळ माझ्यासमोर मांडी घालून बसली. दीर घरी जाऊन सगळं बोलला होता. तिने विचारलं, “मास्तर, काल तुमाला ठाऊक व्हतं ना, ते नानं हाय म्हनून?”

मी होय म्हणालो. मग बांध फुटल्यासारखं सगळंच सांगून टाकलं: मुंबईचं दुकान, निळी मखमल, भाव, ठिगळांचं शीड, दर आठवड्याचं पापलेट आणि माझं मेलं तोंड. म्हटलं, बाय, वाटणीच्या दिवशी मला खरंच कळलं नव्हतं गं. मी तुझं फार नुकसान केलं.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली. “तुमाला कळलं नव्हतं ते मना तवाच कळलं.”

आणि तिने सांगितलं. ते नाणं सासूला तरुणपणी किल्ल्याच्या तटाखाली, ओहोटीला कालवं फोडताना सापडलं होतं. ते फिरंग्यांचं नाणं आहे हे सासूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि धाकट्याची होडी झाली तर तिच्या डोलकाठीखाली घाल, म्हणून ती मरायच्या आधी सुनेला सांगून गेली होती. थोरल्याला कळलं तर तो वाटा मागेल, आणि वाट्यासाठी विकलं तर डोलकाठीखाली घालायला काय उरेल, हेही ती जाणून होती.

मला अजूनही आशा होती, की माझी निवड निदान चांगल्या कारणाने झाली असेल. मी विचारलं, मग मला का बोलावलंस?

बायने जरा संकोचून आईच्या दिशेने पाहिलं. आई आत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली: “सासू बोलली, वाटनीला सोनाराला बोलवू नको. तो नानं दगडावर टाकून ऐकतो. मास्तरला बोलव. मास्तर नुसता बगतो.”

मला राग आला. चांगलाच आला, कानशिलं तापली. एका निरक्षर म्हातारीने, जिने राणीचं नाक चिंचेने घासून काढलं, तिने मरता मरता माझी किंमत केली होती, भिंगाशिवाय, आणि बरोबर केली होती. वहीत ‘अज्ञानामुळे हानी’ असा शेरा मी तिच्याच नाण्यांखाली लिहिला होता. 

तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. मी सवयीने पापलेटासाठी हात पुढे केला. तिने पापलेट दिलं आणि भाव सांगितला. पूर्ण भाव, आईला सांगते तोच. 

“आजवर तुमाला फसवलं म्हनून देत व्हते, मास्तर,” ती म्हणाली. “मनाला बरं वाटत नव्हतं. आता तुमी आमच्यातले झाले.”

मी आतून एक रुपया आणून दिला, लोंब्यांचा, निकेलचा, कोरा करकरीत. त्यात ओळखण्यासारखं काहीच नव्हतं. तिने तो उंबऱ्याच्या दगडावर टाकला, मान किंचित वाकडी करून ऐकलं, आणि कमरेला खोचून सुटे पैसे मोजायला लागली.